शिवलिंगअप्पाच्या घराचे आठ खण

सोमवार, १७ फेब्रुवारी

पोटच्या पोरानं चार माणसांत आईला भंगारवाली म्हणावं आणि वर चहाचा घोट घ्यावा. स्टँडवरच्या हॉटेलात विनोद म्हणला, "माझी माय म्हातारपणी भंगार वेचायला निघाली." ग्यानोबानं मला येऊन जसंच्या तसं सांगितलं. ग्यानोबाला दुसऱ्याच्या घरातलं सांगायला लई आवडतं, पण खोटं सांगत नाही.

जयभीम लिहायचं राहिलं. जयभीम.

ही वही पुनमची, माझ्या नातीची. अर्धी कोरी होती. म्हणली, "आज्जी, कोणतं लाकूड कुठून काढलं ते ह्यात लिही, न्हाईतर लावताना घोळ करशील." मी तिसरी शिकले. पुढं साक्षरतेच्या वर्गात विसरलेलं परत शिकले. लाकूड लिहायला बसले तर आधी पोराचं गाऱ्हाणंच आलं.

झालं असं. देवणीच्या जुन्या बाजारातलं शिवलिंगअप्पाचं आठ खणाचं घर नऊ वर्षं बंद आहे. अप्पा आडत करायचे. ते गेले, लेक महांतेश लातूरला. त्याला तिथं दुकानाचे गाळे काढायचेत. जागा पाहिजे, घर नको. तीन मार्चला जेसीबी लावून सगळं सपाट करणार. जेसीबी दयानंद शेठची आणि ती चालवतो आमचा विनोद. महांतेश काल गावात आला होता, तेव्हा मी त्याला गाठलं.

"पाडायला मशीन लावतोस, वर भाडं देतोस. मला दे. हातानं उतरवते. निघंल ते माझं."

"मावशी, ह्या वयात?"

"वय माझं हाय, घर तुझं हाय. तू घराचं बोल."

हसला. म्हणला, तीन मार्चपर्यंत जेवढं निघेल तेवढं तुमचं, राहिलेलं मशीनखाली.

मला घर बांधायचंय. विनोदच्या घरामागं थोडी जागा माझ्या नावावर आहे. घरकुलाच्या यादीत माझं नाव बसत नाही, कारण रेशनकार्डावर पोराचं पक्कं घर दिसतं. पक्कं म्हणजे एक खोली, एक पडवी आणि सहा माणसं. मी बोळीत खाटेवर. कुणी उठलं की माझ्या नडगीवर पाय. मला दोन खोल्या पाहिजेत आणि आतून लावायला माझी कडी. एवढंच.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

गुंडप्पा आला. उदगीरकडचा सुतार, सत्तरीचा, अर्धं कानडी अर्धं मराठी बोलतो. मला अक्का म्हणतो, मी त्याच्याहून लहान असून. त्याला गोठ्याला दोन खांब आणि लागतील तेवढ्या पट्ट्या द्यायच्या, असं ठरलं.

घरात फिरून त्यानं एकेक लाकूड बोटाच्या पेरानं वाजवलं. "सागवान हाय. वाळवी फक्त दोन सरांना. ह्या घरात खिळा न्हाई अक्का, लाकडात लाकूड बसवलंय. बांधताना जे शेवटी आलं ते आधी काढायचं. वरची माती, मग पाला, मग किलचन, मग सर, मग तुळया, आखरीला खांब. निधान."

किलचन म्हणजे माळवदाखालच्या आडव्या पट्ट्या, सर म्हणजे त्यांच्याखालचे वासे. निधान म्हणजे हळू. पट्टी एकदा सांगितली, निधान वीस वेळा.

पहिला खण, म्हणजे दोन तुळयांमधली जागा, रस्त्याकडचा. त्याला खडूनं एक आकडा टाकला.

गुरुवार, २० फेब्रुवारी

माळवदावर गुडघाभर माती. पिढ्यानपिढ्या दर उन्हाळ्यात वर नवी टाकत आले, जुनी कुणी काढली नाही. आता ती सगळी माझ्या नाकात. भाकरी खाल्ली तर दाताखाली शिवलिंगअप्पाचं घर.

पण मातीचं मी जमवलं. जुन्या घराची पांढरी माती शेतात टाकली की पीक तरारतं, हे इकडं शेंबड्या पोरालाबी ठाऊक. ग्यानोबाला म्हणले, "एक ट्रॉली माती तुझी. येताना एक खेप दगड माझ्या जागेवर टाक."

"डिझेल माझं?"

"मग माती कुणाची?"

दुपारी ट्रॅक्टर घेऊन आला. ट्रॅक्टर पूर्वेच्या बोळीतच उभं राहतं, म्हणून माती त्या अंगानं काढून राहिलो.

शनिवार, २२ फेब्रुवारी

रिकामी माणसं बघायला येतात. एकजण म्हणला, "पंचशीलाबाई, हंडा सापडला का?"

"सापडला. आत तुझी अक्कल होती. तुझ्या कामाची न्हाई म्हणून परत पुरली."

दुसरा शहाणा. हात मागं बांधून म्हणतो, "पंधरा दिवस दोन म्हातारी माणसं राबणार. तेवढ्या वेळात मजुरीला गेला असता तर नव्या विटा आल्या असत्या. हे परवडतं का?" मी म्हणले, सावलीत उभं राहून विचारायला परवडतं.

सुनेचं मात्र ऐकून घेतलं, कारण तिचं भ्या खरं आहे. दिपाली भाकरी थापता थापता म्हणली, "आत्या, किल्लारीला काय झालं ते तुमी डोळ्यानं बघितलं. तरी दगडाचंच घर?"

"बघितलं म्हणूनच."

भूकंपानंतर दोन वर्षं मी आणि आमचे मालक नव्या वसाहतींच्या कामावर होतो. ते गवंडी, मी घमेल्यावर. इंजिनेर गवंड्यांना शिकवायचा, पण माझ्या कानात बोळे नव्हते. भिंतीला बाहेरून एक दगडाची रांग, आतून एक, मध्ये नुसता चिखल. हादरा बसला की दोन्ही रांगा दोन वाटांनी जातात आणि वरून मातीचं माळवद बसतं. म्हणून दर दोन हातांवर एक लांब दगड भिंतीच्या आरपार घालायचा, दाराच्या वर सिमेंटची सळईवाली पट्टी फिरवायची आणि डोक्यावर माती ठेवायची नाही. मी वर पत्रा टाकणार. तिला हे सगळं सांगितलं.

"आन् लेकरं तुमच्याकडं झोपली तर?"

"माझ्या घरात कोण बोलवतंय त्यांना?"

ती हसली नाही. मीपण हसायला म्हणलं नव्हतं.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

आज वाईट झालं. तोंडानं मी कबूल करणार नाही, म्हणून इथं लिहिते. चूक माझी.

गुंडप्पा चार दिवस सांगून राहिला होता, माती दोन्ही अंगांनी सारखी काढा. मी पूर्वेचीच काढली, कारण ट्रॅक्टर पूर्वेला. पश्चिमेची उद्या काढू म्हणले. तिकडचं ओझं तसंच राहिलं, इकडचं हलकं झालं. दुपारी मधली तुळई खांबाच्या माथ्यावर फिरली आणि वीतभर खाली आली. गुंडप्पाचा डावा अंगठा मध्ये.

ओरडला नाही. "अक्का, टेकू," एवढंच म्हणला. मी टेकू लावला, पहारीनं तुळई उचलली. ह्या वयात ते ओझं माझ्यानं कसं उचललं, मला सांगता येणार नाही. दवाखान्यात अंगठ्याचं पेर काढलं.

त्याची बायको मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

सकाळी जाऊन बघते तर गुंडप्पा हाताला पांढरं गाठोडं बांधून जोत्यावर बसलेला.

"घरी जा," म्हणले.

"घरी बायको बोलती. इथं तू बोलतीस. इथं निदान लाकूड हाय."

"मग काय करणार?"

"बसून सांगणार. आता निधान म्हणलं की निधान. हाव का?"

"हाव," म्हणले. मालकाला पण कधी इतक्या लवकर हाव म्हणले नव्हते.

हाताला माणूस कमी पडला म्हणून काम थांबेल, असं वाटलं होतं. तर डोक्याला पदर गुंडाळून दिपाली हजर. हरभरा काढायला जायची होती, गेली नाही. मी बोलावलं नव्हतं. सासूपायी आली की लोक काय म्हणतील म्हणून आली, ते विचारलं नाही. काम चांगलं करते. पश्चिमेची माती तिनं एकटीनं उतरवली.

शनिवार, १ मार्च

आठातले चार खण उतरले. मधल्या दोन मोठ्या तुळया, चौदा सर, पुढचं-मागचं दार आणि अख्खी मागची भिंत अजून जागेवर. महांतेशला पुनमच्या फोनवरून लावला. "मावशी, शब्द म्हणजे शब्द. सोमवारी मशीन," म्हणला. त्याचं चुकलं नाही. माझापण शब्दच होता.

जेवताना विनोदनं मान खाली घालून विचारलं, "अजून किती दिवस लागतील?"

"तुला काय करायचंय? तू तुझं मशीन घेऊन ये. मी दारात उभी राहते."

"माय, दिवस इचारले."

"सहा."

 भाकरी अर्धी सोडून उठला. मशीन चालवणाऱ्यांना घमेंड असते, हातानं काम करणाऱ्यांचं ऐकवत नाही.

सोमवार, ३ मार्च

मी सकाळी सातलाच दारात उभी. हातात पहार. दिपालीनं ओढलं, हलले नाही. मशीन बाजाराच्या कोपऱ्यावर आलं आणि तिथंच बसलं. खाली तेलाचं तळं. विनोद खाली उतरला, दोनदा वाकून बघितलं, लोकांना म्हणला, "पाइप फुटला. आज न्हाई व्हायचं."

मला असं हसू आलं. पंचवीस माणसांचं काम करतं म्हणून ज्याची ऐट, ते एका नळीवर बसलं. माझी पहार कधी फुटली नाही.

आम्ही लगेच कामाला लागलो.

बुधवार, ५ मार्च

पाइप लातूरला मिळाला नाही, नांदेडहून मागवला म्हणे. आज आला तर तोंड बसेना, दुसऱ्याच मापाचा. पोराला मापपण सांगता येत नाही. त्याचा बाप डोळ्यानं सूतभर फरक सांगायचा.

मोठ्या तुळया दोन्ही सुखरूप खाली. माती दोन्ही अंगांनी सारखी. गुंडप्पा खुशीत, कानडीत गाणं म्हणत होता.

विनोदचा सदरा धुवायला घेतला तर खिशात नळीला असतो तसा पितळेचा एक जोड, अंगठ्याएवढा जाड, तेलानं माखलेला. विचारलं तर म्हणतो, रस्त्यात सापडला. बघा. आई भंगार वेचते म्हणून हसणारा आता स्वतःच वेचून राहिला.

शनिवार, ८ मार्च

काम झालं. शेवटचा खांब दुपारी बाराला उतरवला. मागची भिंत काल संध्याकाळीच निघाली, लांब दगड वेगळे रचलेत. राहिलंय नुसतं जोतं आणि खड्डे, ते मशीननं खुशाल खावं.

चार वाजता दयानंद शेठ स्वतः आला. लई तापलेला. मशीनभोवती फिरला, विनोदला बाजूला नेऊन काय काय बोलला. मला ऐकू आलं नाही, पण विनोद मान खाली घालून उभा होता, हे दिसलं. नंतर शेठनं त्याच्या दुसऱ्या माणसाला वर बसवलं आणि मशीन धडाधडा चालू. सहा दिवस ह्याला जमलं नाही ते त्या माणसाला घटकाभरात जमलं. मी घरी आल्यावर म्हणले, "त्याच्याकडून शिकून घे."

दिपालीनं माझ्याकडं असं बघितलं की मी ताटलीकडं बघितलं.

मंगळवार, ११ मार्च

विनोद तीन दिवस घरीच. म्हणे सध्या सीझन नाही. गावात जिकडं तिकडं जोती खणून राहिलेत आणि ह्याला सीझन नाही. आळस. दिपाली ज्वारी काढायला जाते, हा खाटेवर.

मी म्हणले, "बसून चहा पिण्यापेक्षा पाया खण."

उठला आणि खणायला लागला. उलट बोलेल म्हणून मी तयारीत होते, ते सगळं वाया गेलं.

रविवार, १६ मार्च

नांदेडचा व्यापारी टेम्पो घेऊन आला. जुनी नक्षीची दारं मोठ्या शहरांत हॉटेलवाले लावतात म्हणे. शिवलिंगअप्पाच्या पुढच्या दाराभोवती तो चार वेळा फिरला. पितळेची फुलं, वर दोन मोर. मी आकडा विचारला नाही. म्हणले, "मला एवढे पत्रे, एवढं सिमेंट आणि एवढी सळई आणून टाक, दार घेऊन जा." घासाघीस झाली, मी तीन पोती वाढवून घेतली.

पुनम रडायला लागली. "आज्जी, किती सुंदर दार हाय. आपल्या घराला लावायचं होतं."

"सुंदर हाय म्हणून तर चाललं. मोरांनी पाऊस अडत न्हाई."

मागचं दार ठेवलं. साधं, बुटकं, चार बोटं जाड. सुगीत माझी माय त्याच दाराबाहेर उभी राहायची आणि आतून तिच्या पदरात वरून धान्य टाकायचे. पुढच्या दाराशी आमची ओळख नव्हती. मागच्याशी आहे. बिजागऱ्या चांगल्या आहेत, तेल दिलं.

सोमवार, २४ मार्च

भिंत कंबरेला आली. विनोदला दगड धरता येतो, हे मला माहीत नव्हतं. बापाचा ओळंबा मी चार वर्षं शोधून राहिले होते, तो ह्याच्या पेटीत निघाला. कशाला ठेवला होता म्हणलं तर म्हणतो, असाच.

आरपार दगड कुठं घालायचा ते मी दाखवते, लाकूड गुंडप्पा बघतो. आज एका ठिकाणी विनोदनं आरपार दगड विसरून पुढं दोन थर चढवले. मी उतरवायला लावले.

"माय, एकानं काय होतंय?"

"गुंडप्पाचा अंगठा इचार."

उतरवले.

ग्यानोबा मधूनच येऊन बसतो. आज म्हणत होता, "दयानंद शेठनं नवा डायवर ठेवला, बिहारचा." मी म्हणले, ठेवू दे, चांगल्या मशीनला चांगला माणूस लागतो. विनोद तिथंच दगड घडत होता. त्यानं हातोडी जरा जोरात मारली, दगड फुटला. चांगला दगड वाया.

रविवार, ६ एप्रिल

सिमेंटची पट्टी फिरली. तिला पाणी मारायला मी रोज पहाटे उठते.

दिपालीच्या कानातली फुलं दिसत नाहीत. विचारलं तर म्हणली, कान दुखतात. कडुलिंबाचं तेल लाव म्हणले. ती एकदम म्हणली, "आत्या, तुमाला खरंच काही दिसत न्हाई का हो? तुमच्या त्या आठ खणापायी—"

"दिपे," विनोद भिंतीवरून बोलला. एवढंच. ती घमेलं उचलून गेली.

तिला वाटतं, मी तिला राबवते. खरं आहे, राबवते. पण मी काय झोपून राबवते? पट्टीच्या फळ्या निघाल्या की तिला दोन दिवस माहेरी पाठवीन. आणि लेकरं माझ्याकडं झोपली तरी मी हाकलणार नाही, हे तिला कुणीतरी सांगावं. मी सांगणार नाही.

बुधवार, १६ एप्रिल

तुळया चढवल्या. गुंडप्पानं नऊ बोटांनी खुंट्या ठोकल्या. वहीत लिहिलेल्या आकड्यांनी प्रत्येक सर जिथल्या तिथं बसला, एक चुकला, तो मी चारचा सात वाचला म्हणून. वर पत्रा. पत्र्यावर माती नाही.

शनिवार, १९ एप्रिल

काल रात्री माझ्या घरात झोपले. कडी आतून लावली. पहाटे दोन नातवंडं दार वाजवत आली, उघडावं लागलं.

आज महांतेशचा फोन. आवाज लई गोड. त्यांच्या भावकीतली अजून तीन घरं त्याच बोळीत पडून आहेत, सगळे लातूरला नाहीतर पुण्याला. त्यांना मोकळी जागा पाहिजे. म्हणला, "मावशी, तुम्ही घेता का ती तीन? पण आधी मला खरं सांगा, ह्यात परवडलं का? माझ्या चुलत्यांना सांगायचंय. दोन महिने गेले, एका माणसाचं बोट गेलं. मी उद्या येतो, समक्ष बोलू."

सगळं गाव हेच विचारून राहिलंय. मी आज दिवसभर विचार केला. मी म्हणले परवडलं, तर लोक म्हणतील म्हातारी हट्टी आहे, हिला घर मिळालं, ही परवडलंच म्हणणार. गुंडप्पाचं बोट गेलं, तो नाही म्हणला तर मला पुढं बोलता येणार नाही आणि हो म्हणला तर माझ्या तोंडाकडं बघून म्हणेल. दिपालीची मजुरी बुडाली, ती रागात बोलेल. ग्यानोबाला माती मिळाली, तो गोडच बोलेल. राहिला विनोद. सुरुवातीपासून विरोधात होता, भंगार म्हणला होता, आणि ह्या सगळ्यात ज्याचं काही म्हणता काही गेलं नाही असा तो एकटाच. त्याला काही मिळायचं नव्हतं, काही गमवायचं नव्हतं. असाच माणूस सरळ सांगतो.

जेवताना सगळ्यांसमोर सांगून टाकलं. विनोद म्हणला, "माय, मी काय सांगू?"

"खरं असंल ते सांग. तू न्हाई म्हणलास तर ती तीन घरं मशीनखाली जाऊ दे, मी शब्द काढणार न्हाई."

दिपाली हसली. गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदा हसली, पण डोळ्याला पदर लावून. चुलीचा धूर असेल.

तर उद्या महांतेश आला की मी मध्ये बोलणार नाही. दिपालीनं बोलायचं नाही. गुंडप्पानं अंगठा दाखवायचा नाही. परवडलं का नाही, ह्याचं उत्तर विनोदनं द्यायचं, एकट्यानं, उभं राहून, माझ्या दारात.